पैसे भरून सेवा करायला परदेशी जाऊ का?

पत्र

ताई, मी एकवीस वर्षांची. करवीर तालुक्यातल्या पूरपट्ट्यात आमचं गाव. यंदा बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. मोबाईलवर एक जाहिरात बघितली: कंबोडियात चार आठवडे राहायचं, अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, शेवटी सर्टिफिकेट. फी एक लाख पासष्ट हजार, विमानाचं तिकीट वेगळं. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, जर्मनीतही वर्षभर स्वयंसेवक म्हणून जाता येतं, तिथं उलट आपल्यालाच खर्चाला पैसे मिळतात. पण त्यासाठी भाषा शिकावी लागणार, आणि वर्ष म्हणजे फार वाटतं. पप्पा म्हणतात, "पैसे भरून राबायला सातासमुद्रापार कशाला? आपल्या गोठ्यात काय कमी काम हाय?" आजीला माझ्या स्थळांची काळजी. मला खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडायचं आहे. २०१९ च्या पुरात आम्हाला बोटीतून काढलं. मग उंचावरच्या सोनतळीला राहिलो, तिथं मी पोळी-भाजीची पाकिटं वाटत होतो. तेव्हापासून हे मनात आहे. पण मी जातो म्हटलं की घरात सगळे गप्प होतात. आणि एक भीती माझीच आहे. मी तिकडे असताना पूर आला तर?

— पंचगंगाकाठची

उत्तर

प्रिय पंचगंगाकाठची,

"मी वाटत होतो", "मी जातो". मुलगी असून असं लिहिणारी आपल्याच भागातली. पत्र वाचताना माहेरी बसल्यासारखं वाटलं. म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

कंबोडियाचे पैसे भरू नकोस. आगाऊ रक्कम अजून दिली नसशील तर देऊ नकोस, दिली असशील तर आजच परत मागायला लाग. कारण सांगते, पण त्याआधी तुला तुझाच पूर आठवायला लावते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे तिच्याही बारा फूट वर. त्या आठवड्यात तुमच्या गावात दोन तऱ्हेची माणसं आली असतील. काही बोटी घेऊन आली. त्यांना दोरी टाकता येत होती, आणि गल्ली कुठली, विहीर कुठं, विजेची तार कुठून गेलीय, हे ती तुमच्याच एखाद्या माणसाला बोटीत पुढं बसवून विचारत होती. आणि काही पाणी ओसरल्यावर गाड्या भरभरून आली, जुने कपडे उतरवून, फोटो काढून संध्याकाळच्या आत परत गेली. मी तेव्हा शिरोळ तालुक्यात मदतीला होते. एका शाळेच्या वर्गात छतापर्यंत कपडे साठले होते, त्यांत लग्नातले शेरवानी होते आणि एका पायाचे बूट होते. तीन दिवस आम्ही चौघीजणी नुसत्या निवडत बसलो होतो. बाहेर बायका विचारत होत्या, फिनेल आहे का, खराटे आहेत का, सॅनिटरी पॅड आहेत का. ते नव्हतं. कपडे आणणारी माणसं वाईट नव्हती, मनापासून आली होती. फक्त येण्याआधी त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं.

आता तू कंबोडियात उतरलीस असं धर. तिथली ख्मेर भाषा तुला येत नाही. शिकवण्याचा अनुभव नाही. चार आठवड्यांतला पहिला हवा-पाण्यात आणि शेवटचा निरोपात जाईल. मधल्या दोन आठवड्यांत एखादी सहा वर्षांची पोर तुझ्या गळ्यात पडेल, तुझा हात सोडणार नाही, आणि मग तू निघून येशील. पुढच्या सोमवारी दुसरी कुणीतरी येईल, तीही चार आठवड्यांची. त्या पोरीच्या बाजूनं बघ. वर्षाला बारा जणी तिच्या आयुष्यात येतात आणि बारा जणी सोडून जातात. तुझ्या काकांच्या मुलीला असं कुणी केलेलं तुला चालेल का?

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात तिथे ना युद्ध होतं ना मोठी साथ. वाढले होते ते पर्यटक. आणि त्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, निदान एक पालक तरी जिवंत होता. गरीब घरात जाऊन सांगायचं की पोराला शहरात शिकवतो, मग त्याला अनाथ म्हणून पाहुण्यांपुढे उभं करायचं. पैसे देणारा पाहुणा आहे म्हणून पोरं लागतात, असा तो उलटा व्यवहार आहे. नेपाळमध्येही हेच दिसलं: बालगृहं जास्त कुठे, तर काठमांडूच्या खोऱ्यात आणि पोखऱ्याकडे, जिथे पर्यटक उतरतात तिथे. हे इतकं गंभीर आहे की ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा प्रश्नही त्यात धरला गेला. सगळीच बालगृहं अशी असतात असं मी म्हणत नाही. पण जे बालगृह पोलीस पडताळणी न मागता, अनुभव न विचारता, नुसती फी घेऊन अनोळखी माणसाला मुलांत सोडतं, ते मुलांची काळजी घेत नाही, एवढं मी ठामपणे म्हणते. तुझ्याकडून त्यांनी पासपोर्टची प्रत आणि पैसे याखेरीज काय मागितलं, तेवढं आठवून बघ.

पप्पांविषयी. कंबोडियाचं नाव ऐकून ते बिथरले असतील तर त्यात त्यांचं चुकलेलं नाही. नोकरीच्या नावाखाली आपल्याकडची मुलं कंबोडिया, म्यानमार, लाओसला नेली गेली आणि तिथे कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली. परराष्ट्र मंत्रालयाला २०२२ पासून त्याबद्दल सावध करावं लागलं आहे. तुझी जाहिरात त्यातली असेलच असं नाही. पण गोठ्यात बसून रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला जे दिसलं ते तुला जाहिरातीत दिसलं नाही, हे कबूल कर. त्यांच्यापाशी बोलायला सुरुवात तिथूनच होईल: "पप्पा, कंबोडियाचं तुम्ही बरोबर म्हणत होता."

आता जर्मनी. तुझ्या मॅडमनी सांगितलेलं खरं आहे, आणि त्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण त्या वाटेनं मी गेलेय.

तिथे तरुणांनी वर्षभर सामाजिक काम करायची पद्धत जुनी आहे, तिचा कायदा १९६४ चा. त्याला 'एफएसजे' म्हणतात, त्यासाठी वय २७ च्या आत लागतं. पुढे २०११ मध्ये त्यांनी सक्तीची लष्करभरती थांबवली. सैन्यात जायचं नसलेली मुलं तोवर पर्याय म्हणून दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत काम करत असत, तीही एकदम यायची बंद झाली. ती जागा भरायला सरकारनं नवी स्वयंसेवा सुरू केली, 'बीएफडी', तिला वयाची वरची अट नाही. दोन्ही साधारण वर्षभराच्या. याशिवाय 'वेल्टवेर्ट्स' नावाचा सरकारी कार्यक्रम २००८ पासून आहे. तो सुरू झाला जर्मन मुलांना आपल्यासारख्या देशांत पाठवायला. २०१३ पासून उलट दिशेनंही, म्हणजे आपल्याकडून तिकडे, मुलं घेतात. वय साधारण १८ ते २८. त्यात अर्ज थेट जर्मनीला करायचा नसतो, भारतातली सहयोगी संस्था निवड करते आणि बहुतेक खर्च कार्यक्रम उचलतो.

काम काय? वृद्धाश्रम, बालवाडी, अपंगांची कार्यशाळा, दवाखाना. आठवड्याला जवळजवळ पूर्ण वेळ. पगार नाही, महिन्याला काही शे युरो हातखर्च. राहण्या-जेवण्याची सोय किंवा त्याचे पैसे संस्थेप्रमाणे बदलतात, म्हणून ते करारात लिहून घ्यायचं. सामाजिक विमा कायद्यानंच असतो. आणि बारा महिन्यांत २५ दिवस शिबिरांचे, जिथे तुझ्यासारखे बाकीचे स्वयंसेवक भेटतात. ही शिबिरं म्हणजे मजा असं समजून टाळू नकोस. का, ते पुढे सांगते.

मी २००४ च्या सप्टेंबरात गेले, तेवीस संपून चोविसावं लागलं होतं. एका छोट्या गावातला वृद्धाश्रम. पुण्याला राहून जर्मनचे दोन कोर्स केले होते, पण तिथल्या आजी जे बोलत ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पहिले तीन महिने मी कुणाचीही सेवा केली नाही. सेवा माझी झाली. बर्फात घालायचे बूट एका नर्सनं दिले, बसचं वेळापत्रक स्वयंपाकीणबाईंनी वाचायला शिकवलं. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, हे भूगोलात शिकलेलं असूनही पहिल्यांदा बघितलं तेव्हा छातीत धस्स झालं. खोलीत येऊन रडायचे आणि सकाळी साडेसहाला पुन्हा ट्रे भरायला उभी राहायचे. हे तुला आत्ता सांगते, कारण जाहिरातीतल्या फोटोंत हे महिने नसतात आणि ते येतात तेव्हा वाटतं की आपल्यातच काही कमी आहे.

माझ्या बाबतीत आणखी एक झालं. करारात वृद्धांसोबत वेळ घालवायचं काम लिहिलं होतं. प्रत्यक्षात दोन महिने मला फक्त जिने आणि संडास धुवायला लावले. काम हलकं म्हणून मला राग नव्हता, आपल्याकडे घरात कोण नाही करत? राग याचा होता की त्यासाठी पगारी माणूस ठेवायचा सोडून मला ठेवलं होतं. मी गप्प बसले. वाटलं, पाहुण्यांच्या घरी तक्रार कशी करायची. पहिल्या शिबिरात सहज बोलता बोलता बाकीच्या मुलींना सांगितलं तेव्हा त्या जेवण सोडून उठल्या. एकीनं मला हाताला धरून शिबिराच्या बाईंसमोर नेलं, त्यांनी तिथूनच फोन लावला. पुढच्या सोमवारी माझं काम बदललं. त्या देशात स्वयंसेवकाची तक्रार ऐकायला नेमलेलं माणूस असतं, आणि ते तुला नोकरीवर ठेवणाऱ्या संस्थेचं असेलच असं नाही. कंबोडियाच्या जाहिरातीत असं माणूस कोण आहे, विचारून बघ. जाताना कुठलीही संस्था निवडलीस तरी हा प्रश्न विचार: माझं तिथे कुणाशी पटलं नाही तर मी फोन कुणाला करायचा? नाव आणि नंबर दिला तर संस्था खरी.

भाषेचं ओझं वाटतंय तुला. वाटू दे, पण ते टाळता येणार नाही. बहुतेक संस्थांना ए-टू किंवा बी-वन या परीक्षेच्या पातळ्यांपर्यंत भाषा हवी असते. रोज दोन तास धरलेस तर वर्ष लागेल. शिवाजी विद्यापीठात परकीय भाषा विभाग आहे, तिथे चौकशी कर. परीक्षेसाठी पुण्याला मॅक्सम्युलर भवन. बी.ए. झाल्यावर एक वर्ष भाषा आणि मग एक वर्ष तिकडे, असा हिशोब धर. उशीर होत नाही, चोविसाव्या वर्षी परत येशील. आणि समज, भाषा शिकता शिकता लक्षात आलं की जायचं नाही, तरी हातात भाषा राहतेच.

एजंटांबद्दल मात्र कान धरून सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तो नोकरीचा मामला आहे, स्वयंसेवेचा नाही. पण 'जर्मनी' हा शब्द आता गल्लोगल्ली फलकांवर आहे आणि त्या गर्दीत काही जण स्वयंसेवेची जागासुद्धा लाखांत विकतात. मुळात जिथे तुला हातखर्च मिळायचा तिथे जागेचे लाख कशाला? क्लासची फी, परीक्षेची फी, पासपोर्टची फी, व्हिसाची ७५ युरो, तिकीट: खर्च एवढेच, आणि प्रत्येकाची पावती मिळते. पासपोर्ट कोल्हापुरात पोस्टातल्या सेवा केंद्रात होतो. व्हिसा निघायच्या आधी इथूनच काढायचा, स्वयंसेवेचाच काढायचा. "आधी टूरिस्टवर चल, तिथं गेल्यावर बघू" असं कुणी म्हणालं की तिथून ऊठ. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही, आणि पकडली गेलीस तर तू जातेस, एजंट नाही. संयुक्त राष्ट्रांचाही स्वयंसेवक कार्यक्रम आहे, त्याचं मुख्यालय जर्मनीतच बॉन शहरात. तिथे कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाहीत. त्यांचं ऑनलाइन स्वयंसेवेचं काम तू घरी बसून, गोठा सांभाळून आजही करू शकतेस.

वर्ष फारच मोठं वाटलं तर दोन-तीन आठवड्यांची श्रमशिबिरं असतात. ती कल्पना पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाची. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात घरं बांधायला माणसं गोळा केली, त्यांत कालपर्यंतचे शत्रू जर्मनही होते. हेच सेरेसोल १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर आपल्याकडे आले. सोबत मूठभर परदेशी माणसं होती, आणि गावं उभी केली ती गावकऱ्यांच्या बरोबरीनं माती वाहून. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेची शाखा भारतात आहे. तिकीट आपलं, थोडी नोंदणी फी, राहणं-जेवण शिबिराचं. पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्या मुलीला हे चांगलं. पण तुझं पत्र वाचून मला वाटतं, तुला दोन आठवड्यांनी समाधान होणार नाही.

तुमच्या गावापासून वळिवडे लांब नाही. तिथे १९४३ ते १९४८ पर्यंत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, क्लासला जाताना एकदा बघून ये. त्यांच्या शाळा त्यांच्या भाषेत चालत, त्यांचं चर्च होतं, त्यांची नाटकं होत. कोल्हापूरनं जागा दिली आणि त्यांना त्यांच्या पद्धतीनं राहू दिलं. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक अजून उभं आहे ते त्यामुळेच, असं मला वाटतं. मदत करणाऱ्यानं किती मागं उभं राहायचं असतं, हे शिकायला तुला फार लांब जायला नको.

आजीच्या काळजीबद्दल थोडक्यात: वर्षभर परक्या देशात म्हाताऱ्या माणसांचं केलं, हे ऐकून जे स्थळ मागं फिरेल ते फिरू दे. आजीला हे मी सांगितलं म्हणून सांग. आणि जर्मनीतल्या आजींचे फोटो तिला पाठवत राहा. माझ्या आजीनं ते देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवले होते.

पप्पांना मात्र कागद दाखवायचे. करार आला की मराठीत समजावून सांग: कुठल्या गावात, कुणाच्या हाताखाली, किती तास, विमा कुणाचा, परतीचं तिकीट कधीचं. शक्य असेल तर त्या संस्थेतून आधी जाऊन आलेल्या मुलीच्या घरी त्यांना घेऊन जा. दोन बापांना बोलू दे, तू मध्ये बोलू नकोस.

राहिली तुझी भीती. खोटा धीर देत नाही. जर्मनीतलं वर्ष बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, म्हणजे पुढचा अख्खा पावसाळा तू तिकडे असशील. माझं तेच झालं. जुलै २००५ चा शेवट, कोल्हापुरात पूर. दुधाळीकडचं आमचं घर. तेव्हा कार्ड खरवडून फोन करायचे, दोन दिवस लाईनच लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून ट्रे पडला. खोली नंबर अकरामध्ये एक आजी होत्या, नव्वदीला टेकलेल्या, एरवी माझ्या व्याकरणावर ओरडणाऱ्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, खायला दुसरं काही नव्हतं म्हणून साखरेचा खडा हातात दिला, आणि रात्री दहापर्यंत स्वतः फोनचे आकडे फिरवत राहिल्या. आकडे मराठीत म्हणायला त्यांनी मला लावले, म्हणाल्या, ऐकायला बरं वाटतं. साडेदहाला मामाच्या घरी लागला. सगळे वर सुखरूप होते, म्हशीसुद्धा.

म्हणून जायच्या आधी एवढं करून ठेव. नदीपासून उंचावर राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर पक्का कर. पाणी इशारा पातळीला, ३९ फुटांना टेकलं की तुझ्या घरच्यांनी त्यांना कळवायचं आणि त्यांनी तुला, दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. तू दर तासाला विचारायचं नाहीस. ४३ ची वाट न बघता आजी आणि जनावरं सोनतळीला हलवायची, हे पप्पांकडून निघायच्या आधी कबूल करून घे. तुझ्या जाण्यासाठी त्यांनी एक अट घातली तर तूही ही एक घाल.

पप्पांना माझ्याशी बोलायचं असेल तर सदराच्या पत्त्यावर त्यांचा नंबर कळव. सकाळची धार झाल्यावर, साडेआठच्या सुमाराला मी फोन करेन.

तुझी,
ताई